कापलेली अकरा मिनिटं

माझ्या मुलीचं नाक मोडलं तेव्हा मी केळ्याचे वेफर्स खात होते, आणि तो आवाज मला आधी वेफरचाच वाटला.

अबुधाबीतल्या एका शाळेचं बास्केटबॉल कोर्ट, फुजैराहून आलेली पाहुणी टीम, आणि त्यांची ती पाच नंबर! काय पोरगी होती! खांदे असे की दारातून तिरकं शिरावं लागत असणार. माझी मुलगी चेंडूसाठी उडाली, पाच नंबरचं कोपर तिच्या जरा आधी उडालं, आणि लाल कारंजं उसळलं. पॉलिश केलेल्या लाकडावर रक्त जिरत नाही, पसरतं. त्यावरून आमच्याच टीमची एक मुलगी घसरली आणि रेफरीला सोबत घेऊन आडवी झाली.

मी आई आहे, मी किंचाळले. पण ट्रायपॉडमागची कॅमेरावालीही मीच होते, त्यामुळे किंचाळताना फोकस मात्र सोडला नाही.

कारण त्या शूटिंगवरच सगळं ठरणार होतं. मुलगी बारावीत, उंची पाच फूट अकरा इंच, आणि डोक्यात एकच वेड: अमेरिकेतल्या कॉलेजच्या टीमकडून खेळायचं. तिथले कोच आधी मॅचचा व्हिडिओ मागवतात, आवडला तर बोलतात, आणि पटलं तर टीममध्ये जागा देतात. हिचा व्हिडिओ दोघांनी मागितला होता. एक कॉलेज इतकं नामांकित की त्याच्या नावाची टोपी आमच्या बिल्डिंगचा वॉचमनही घालतो. दुसरं माझ्या नवऱ्याला नकाशावर सापडेचना. इंटरनेटवर सापडलं, तर त्याची कीर्ती भलतीच: या मुली हरतात, पण जिंकणाऱ्यांना लंगडत घरी पाठवतात.

"मारकुट्या म्हशींचं कॉलेज दिसतंय," नवरा म्हणाला.

"बाबा, इट्स कॉल्ड डिफेन्स," मुलगी म्हणाली.

तर, नाक. रक्त थांबेपर्यंत तिला बाहेर बसवलं. शिक्षिका म्हणाल्या, "खलास, आता हॉस्पिटल." मुलीने नाकात कापसाचे बोळे कोंबले, बाईंचा हात झटकला आणि पुन्हा आत गेली.

शेवटची पाच मिनिटं मी आजही डोळे मिटून बघू शकते. पाच नंबर चेंडू घेऊन सुसाट निघाली. माझी मुलगी तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली. पाय रोवलेले, हात छातीशी. नियमाला धरून, बरं का! पाच नंबर तिच्यावर भिंतीवर आदळावं तशी आदळली. दोघी कोसळल्या. पाच नंबरचा एक दात लाकडावरून टकटक करत आला आणि माझ्या ट्रायपॉडच्या पायाशी थांबला.

"मोड तिला!" मी ओरडले. "अजून मोड!"

हे वाक्य मराठीत होतं, पण भावना पाच नंबरच्या आईपर्यंत पोचली. ती पायऱ्या उतरून आली. "आपकी लड़की जंगली है!"

"और आपकी? आपकी तो ट्रक है!"

तिने थर्मास हाणला, माझ्या कानशिलावर बसला. मी पर्स फिरवली. पर्समध्ये स्टीलचा डबा होता हे तिला ठाऊक नव्हतं. तिने माझी ओढणी गळ्याभोवती आवळली, मी तिच्या मनगटाला चावले. शेवटी आम्ही दोघी एकाच बाकावर, डोक्यावर बर्फाच्या पिशव्या धरून बसलो होतो. "यल्ला, चलो, इधर भी लगाओ," म्हणत तिने आपली पिशवी माझ्या कानाला लावली. आम्ही आठ पॉइंटांनी जिंकलो होतो.

घरी येऊन मी तेच केलं जे आपल्याकडे स्थळाला फोटो पाठवताना करतात. चष्मा काढायचा, तीळ पुसायचा, मुलगी गोड दिसली पाहिजे. तीन दिवस बसून मी व्हिडिओतलं कोपर कापलं, रक्त कापलं, दात कापला, पर्स तर आधी कापली. सगळी मिळून अकरा मिनिटं. उरलेल्या भागावर मंद सतार लावली आणि मुलीला न दाखवता दोन्ही कोचना पाठवून दिलं.

टोपीवाल्या कॉलेजचं उत्तर दोन ओळींचं आलं. तुमची मुलगी बास्केट छान टाकते, पण तिला धक्क्याची भीती वाटते का? त्यानंतर एकदम शांतता.

मुलीने ते वाचलं, मग माझा व्हिडिओ पाहिला. सतार सुरू झाली तशी तिने हातातला चेंडू फेकला तो थेट भिंतीवरच्या घड्याळावर. काचा सोफ्यापर्यंत उडाल्या. घड्याळ सासूबाईंनी दिलेलं होतं, त्यामुळे मी त्याबद्दल काही बोलले नाही.

"यू कट मी आऊट, आई," ती म्हणाली. सुजलेल्या नाकामुळे तिला नीट रडताही येत नव्हतं. "दॅट वॉज मी."

तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. थर्मासचं एवढं लागलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुसऱ्या कोचची ईमेल आली. तिने लिहिलं होतं: "तुमच्या व्हिडिओत एका क्षणी मुलीचं नाक सरळ आहे आणि पुढच्या क्षणी वाकडं. मधलं कुठे आहे?"

मी एक अक्षरही न लिहिता ती अकरा मिनिटं जशीच्या तशी पाठवली. सतारीशिवाय.

शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल. पडद्यावर माझ्याच वयाची बाई, आणि तिचं नाक! दोन ठिकाणी मोडून मनाला येईल तसं बसलेलं. मुलगी माझ्या शेजारी ताठ बसली होती. नवरा मागे उभा.

"ती बाई काय ओरडतेय?" कोचने पहिलाच प्रश्न विचारला.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "शी इज सेइंग, गुड डिफेन्स."

"वीस वर्षं मी मुलींना शिकवतेय," कोच म्हणाली. "त्या आवाजात कोणी गुड डिफेन्स म्हणत नाही." मग ती पुढे झुकली. "आमचं नाव कुणाला माहीत नाही. आमच्याशी खेळलेल्या मुलींच्या मात्र आम्ही चांगल्याच लक्षात राहतो. नाक मोडल्यावर परत आत गेलीस, ते मला हवं आहे. येतेस?"

"हो," मुलगी म्हणाली. मराठीत! मग घाईघाईने, "आय मीन, येस."

"रँकिंग काय आहे हो तुमचं?" नवऱ्याने मागून इंग्रजीत विचारलंच.

"बाबा, खलास!"

कोच मनापासून हसली. पुढच्या हिवाळ्यात त्यांची पहिली मॅच टोपीवाल्यांशी, त्यांच्याच कोर्टवर आहे म्हणाली. घरच्यांनीही जरूर यावं.

कॉल संपला. मुलगी नाक धरून घरभर नाचली. नवरा पुन्हा नकाशा उघडून बसला. मी आत जाऊन पर्समध्ये स्टीलचा डबा ठेवला आणि एकदा हवेत फिरवून पाहिली. वजन अगदी बरोबर होतं.