धाकटी घंटा

घंटेवाले काका बोलायला लागले की समोरचा माणूस आपोआप एक पाऊल मागे सरायचा. उभा जन्म चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवण्यात गेला, त्यात कान कामातून गेले; आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही, असा त्यांचा पक्का समज. ते फादरपुढे पापं कबूल करायला आत गेले की बाहेरची रांग कान टवकारून बसते, अशी चेष्टा चालायची.

काकू गुडघ्यांपायी घरीच असायच्या. रविवारी काका परतले की त्या विचारत, "आज फादर काय म्हणाले?" आता प्रवचन काकांना ऐकू आलेलं असेल तर ना! पण कबूल कोण करणार? मग ते ठोकून द्यायचे, "म्हणाले, एकमेकांना सांभाळून घ्या." काकूंना वाटे, हे फादर दर रविवारी तेच तेच काय सांगतात!

काकू मागच्या वर्षी गेल्या. पाठोपाठ थोरल्या घंटेला मोटर बसली आणि तरुण फादर आतल्या खोलीतून बटण दाबू लागले. तरी काका रोज यायचे, मनोऱ्याच्या जिन्यात बसायचे, तळहातावरचे घट्टे चाचपायचे. घरी जाऊन करायचं तरी काय? भिंतींशी किती बोलणार माणूस.

धाकट्या घंटेला मात्र मोटर नव्हती. ती लहान मूल गेलं तरच वाजायची, आणि देवाच्या कृपेने हल्ली तशी वेळ क्वचित येई. तिची रीत निराळी. मोठ्या माणसासाठी थोरली घंटा जड हाताने, संथ. बाप्तिस्मा झालेल्या लेकरासाठी धाकटी, हलक्या हाताने, भराभर, लग्नाला वाजवावी तशी. कारण ते निर्मळ लेकरू थेट देवाघरी जातं. आणि बाप्तिस्म्याआधीच गेलं तर? तर त्याला स्वर्ग नाही, म्हणून घंटा नाही. मागच्या भिंतीलगत मुकाट्याने पुरायचं.

काकांची मुलगी त्या भिंतीलगत होती.

जन्मली तीच निळी पडलेली. "आधी फादरना आणा," काकू म्हणाल्या, आणि काका अनवाणी पळत सुटले. येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हाचे म्हातारे फादर दाराशी भरून ठेवलेल्या हंड्याकडे बघत राहिले. "अरे, अशा वेळी कोणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं. तूच का नाही घातलंस?" चर्चच्या आवारात वाढलेला माणूस, आणि ऐनवेळी एवढं सुचलं नाही! त्या हंड्याला वळसा घालूनच ते पळाले होते.

काकूंनी कधी बोल लावला नाही. फक्त दुसऱ्या कोणाच्या लेकरासाठी धाकटी घंटा वाजली की स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायच्या. पुढे पुढे ती लावलेलीच राहिली. शेवटच्या आजारात एकदाच काकांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "मी वर गेले तरी ती भेटायची नाही ना हो?" काकांना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

आणि काल फादरनी त्यांना चहाला बोलावलं. कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "काका, मागच्या भिंतीजवळचं गवत काढून घेऊ. तिथल्या मुलांसाठी मिस्साची प्रार्थना करायची आहे."

"त्यांच्यासाठी? त्यांचा बाप्तिस्मा कुठे झाला होता!"

"म्हणून काय झालं? त्यांना स्वर्ग नाही, असं चर्चने कधी ठाम शिकवलंच नव्हतं. ती लोकांची जुनी समजूत. आपण त्यांना देवाच्या दयेवर सोपवतो आणि आशा धरतो. लेकरांना जवळ घेणारा प्रभू त्यांनाच हाकलून देईल होय?" फादरनी चहात बिस्किट बुडवलं.

"मग हे सांगितलं का नाही कोणी?" काका ओरडले.

"सांगितलं की! दोन वर्षांपूर्वी अख्खं प्रवचन त्यावरच दिलं होतं. तुम्ही पुढच्याच बाकावर होतात. मान डोलवत होतात."

काकांनी कपबशी खाली ठेवली. त्या रविवारीही काकूंनी विचारलं असणार. आणि त्यांनी सांगितलं असणार, एकमेकांना सांभाळून घ्या.

ते उठले ते आधी घरी गेले. स्वयंपाकघराची खिडकी फुगून घट्ट बसली होती; खांदा लावून उघडली. मग परत येऊन जिना चढले आणि धाकट्या घंटेचा दोर धरला. हलक्या हाताने, भराभर. माणसं दारात आली, कोणाचं लेकरू गेलं म्हणून वर बघू लागली. फादर धावत जिन्यापाशी आले, आणि तिथेच थांबले.

दम संपेपर्यंत वाजवून काका घरी परतले. उघड्या खिडकीशी, काकूंच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, ऐक. फादर त्या रविवारी काय म्हणाले, ते आता नीट सांगतो."