गादीला पाठ न दाखवता

आमच्या गावच्या जुन्या संस्थानाची गादी दसऱ्याला दर्शनासाठी मांडतात. तिला ओवाळायचा मान आमच्या घरच्या बाईचा. ती गेली नाही, तर मान दुसऱ्या घराला जातो. त्या वर्षी सासूबाईंचा गुडघा सुजला आणि ताट माझ्या हातात आलं. मला तर चारचौघांत तोंड वर करायचीही लाज वाटते.

"गादीवर कुनीच न्हाई, मग घाबरतीस कुनाला?" सासूबाई हसल्या. "फकस्त निघताना पाठ दावू नको, उलटं चालत ये."

रिकाम्या गादीवर तलवार ठेवली होती. ओवाळताना दिव्याची ज्योत पात्यात हलली आणि माझ्या अंगावर काटा आला. मग मी उलटी पावलं टाकू लागले, पण उंबरा किती लांब आहे ते कळेना. मी मधेच थांबले.

"माझ्याबरोबर या, ताई," शेजारून कुणीतरी हळूच म्हणालं.

पुण्याहून आलेले एक म्हातारे गृहस्थ होते; त्यांचे आजोबा या गादीवर बसायचे. साधा शर्ट, हात जोडलेले. तेही माझ्यासारखेच उलटे चालत होते. आम्ही दोघांनी उंबरा बरोबरच ओलांडला.

आता दरवर्षी मीच ओवाळते. काटा अजून येतो.