थकलेल्या पिचरला विचारायचं नसतं

पाचोरा स्टेशनवर गाडी यायची होती आणि अण्णा प्लॅटफॉर्मवर उकिडवे बसून माझ्या बुटाची लेस बांधत होते. मी चांगली इंजिनीअर झालेली, परदेशी नोकरीला निघालेली मुलगी, आणि आजूबाजूला निम्मी गल्ली पोचवायला आलेली. "अण्णा, उठा ना, लोक बघतायत," मी दातओठ खात पुटपुटले. त्यांनी दुहेरी गाठ मारली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "राखीव खेळाडूनं लेस सोडून बसू नये, वैशू." मी म्हटलं, "अहो, मी नोकरीला चाललेय, मॅचला नाही." ते हसले नाहीत. दादानं माझी बॅग बर्थखाली ढकलली, खाली उतरून खिडकीशी आला आणि म्हणाला, "इकडची काळजी करू नको. मी आहे." आई आधीच वारलेली होती. घरात मागे ते दोघंच उरले.

तुम्हा पाचोरेकरांपैकी जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे कुठे कुठे जाऊन पडले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमच्या शाळेतल्या मुलींना अण्णा वेगळे सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी सांगते: अण्णा पीटीचे सर. गावात सगळी पोरं क्रिकेटमागे वेडी असताना या माणसानं मुलींची सॉफ्टबॉलची टीम काढली. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. काळ्या मातीच्या मैदानावर फक्कीनं रेघा मारायच्या, उसवलेले ग्लोव्ह चांभाराकडून शिवून आणायचे आणि आपली फील्डिंग संपली की तेच ग्लोव्ह समोरच्या टीमला द्यायचे. मी त्या टीमची राखीव पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. मुख्य पिचर शोभा. ती थकली तरच मला बोलावणं. सर आपलेच वडील असून बाकावर बसायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा.

शोभा थकली की दिसायचं. खांदा पडायचा, बॉल भलतीकडे जायचे. आम्ही बाकावरून ओरडायचो, "शोभे, थकलीस का गं?" ती मान हलवायची, नाही. अण्णा चिडायचे. "थकलेल्या पिचरला विचारायचं नसतं. ती नाहीच म्हणणार. जायचं, हात पुढे करायचा, बॉल घ्यायचा." आणि तसंच करायचे. मैदानात जायचे, एक अक्षर न बोलता तळहात पुढे धरायचे. शोभा जरा वेळ बघत राहायची आणि मग बॉल त्या हातावर ठेवायची. बाकावर आली की तिला पाणी द्यायचं, पण 'छान खेळलीस' वगैरे गुळचट काही बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता.

हे सगळं मी इंग्लंडला, ब्रिस्टलमध्ये आल्यावर विसरले म्हणा ना. इथे विमानाच्या पंखांच्या कामात शिरले, लग्न झालं, मुलगी झाली, मॉर्गेज झालं. कौन्सिलची गाडी कोणता कचऱ्याचा डबा कोणत्या दिवशी नेते ते पाठ झालं. आयुष्य ठीकठाक चाललं आणि ठीकठाकमध्येच माणूस सगळ्यात जास्त दमतो, हे कुणी आधी सांगत नाही.

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डोकं मात्र लख्ख. कामाला ठेवलेला एकही माणूस टिकला नाही, कारण अण्णा परक्या माणसाला अंगाला हात लावू देईनात. वहिनी दुसऱ्या गावच्या शाळेत शिकवते, सकाळची जाते ती संध्याकाळी येते. म्हणजे उचलायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, सगळं दादाच्या अंगावर. दुकान सांभाळून. मी रोज फोन करायची. "दादा, कसं चाललंय? दमला नाहीस ना?" तो म्हणायचा, "छे गं. मी ठीक आहे." मग मी फोन ठेवायची आणि मीटिंगला जायची. असं एक नाही, दोन नाही, कैक वर्षं.

आमच्या घराजवळच्या पार्कात रविवारी बेसबॉल चालतो हे मला उशिरा कळलं. हौशी टीम, कुणी प्लंबर, कुणी नर्स, कुणी शाळेतला मास्तर. बघायला कुत्री फिरवणारे आणि आम्ही तीन खुळे. एक मी. दुसरा कीथ, रिटायर्ड बस ड्रायव्हर, फोल्डिंग खुर्ची, फ्लास्क आणि मांडीवर ब्लँकेट घेऊन येणारा. तिसरा मिलिंद, नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मराठी बोलायला मिळतं म्हणून यायचा. आणि एके दिवशी मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावून फोन मैदानाकडे धरला, तेव्हापासून आम्ही चार झालो. इथली दुपार म्हणजे तिथली दिवेलागण. दादा पलंगाशी बसून फोन धरायचा, अण्णा बघायचे. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चीड दिसली. मला रडूच आलं. कीथनं चहा पुढे केला.

आमची टीम हरायची, आणि हरायची ती एकाच पद्धतीनं. डॅन म्हणून एक पिचर होता, चाळिशी उलटलेला प्लंबर. सुरुवात झकास करायचा, मॅच मध्यावर आली की त्याचा खांदा पडायचा. बाकावर मेगन बसलेली असायची, हॉस्पिटलमधली नर्स. डॅन थकला की त्याच्या जागी येऊन मॅच सांभाळायची, हेच तिचं काम. रिलीफ पिचर म्हणतात ते. पण कॅप्टन तिला आणायचाच नाही. तो डॅनपाशी जायचा, विचारायचा, "यू ऑल राइट, मेट?" डॅन म्हणायचा, "फाइन." कॅप्टन पाठीवर थाप मारून परत. पुढच्या दहा मिनिटांत मॅचचा बोऱ्या.

"हा कॅप्टन काय करून राहिला बे?" मिलिंद वैतागायचा. "ती पोरगी काय नुसती शोपीस म्हणून बसवली आहे का तिथं?"

कीथ म्हणायचा की डॅन पहिल्या दिवसापासून टीममध्ये आहे, लॉयल्टी नावाची काही गोष्ट असते. मी म्हणायची, लॉयल्टी गेली चुलीत, माणसाचा खांदा निखळेल. कीथ म्हणायचा, मग कॅप्टनच बदला. मिलिंद म्हणायचा, कॅप्टन कोण होणार, हिचे वडील? मग आम्ही तिघं बसून नवी टीम करायचो, बेसबॉलला नऊच जण लागतात. मिलिंद दर वेळी चुकून अकराच ठेवायचा, त्याचं क्रिकेट काही सुटत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. अण्णा फोनमधून एकेक शब्द ढकलत म्हणायचे, "विचारतो… कशाला? बॉल… घे." मी ते कीथला इंग्रजीत सांगायची. कीथ फोनला सलाम ठोकायचा.

इथे 'यू ऑल राइट?' हे विचारणं म्हणजे नमस्कार. ब्रिस्टलमध्ये तर बसवाला, भाजीवाला, सगळे तोंडभरून विचारतात आणि उत्तर येईपर्यंत पुढे निघून जातात. सुरुवातीला मी थांबून खरंखुरं उत्तर द्यायची, पाठ दुखतेय, झोप झाली नाही. लोक घाबरायचे. मग मीही शिकले. फाइन, थँक्स.

त्या रविवारी बारीक पाऊस भुरभुरत होता. डॅनचा खांदा पडलेला सगळ्यांना दिसत होता. कॅप्टन त्याच्याकडे निघाला तसा मिलिंद ओरडला, "अरे विचारू नको बाबा!" मी फोन उंच धरला, अण्णांना दिसावं म्हणून. आणि पाहिलं तर तिकडचं चित्र हळूहळू खाली सरकत होतं. आधी अण्णांचा चेहरा गेला, मग उशी, मग चादर. मग फोन आडवा पडला आणि त्यात दादा दिसला. बसल्या बसल्या झोपलेला. तोंड उघडं, दाढी वाढलेली, हात तसाच पुढे, फोन धरल्यासारखा. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा माझा भाऊ, आणि क्षणभर मला वाटलं की हे अण्णाच आहेत.

"दादा!" मी हाक मारणार होते. पण अण्णांचा आवाज आला. ते पडद्यावर नव्हते, नुसता आवाज. "वैशू… याला… काढ."

"हो अण्णा, कॅप्टन गेलाय डॅनकडे."

"डॅन… नाही." त्यांनी पुढचा शब्द ढकलला. "नंदूला. नंदूला काढ."

नंदू म्हणजे माझा दादा.

मैदानात डॅन 'फाइन' म्हणाला आणि कॅप्टन परत फिरला. पुढे काय झालं मी बघितलं नाही. कीथनं माझा चेहरा पाहिला आणि सवयीनं विचारलं, "यू ऑल राइट, माय लव्हर?" इथे असंच म्हणतात, त्यात काही वावगं नसतं. मी म्हटलं, "नो, कीथ. आय ॲम नॉट." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो उठला, आपलं ब्लँकेट माझ्या खांद्यावर टाकलं आणि बसला.

सोमवारी मी लाइन मॅनेजरकडे बिनपगारी रजा मागितली. तो म्हणाला, प्रोजेक्ट ऐन मध्यावर आहे, परत आलीस की हेच काम तुझ्याकडे राहील असं सांगता येणार नाही. मी म्हटलं, बरं. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "दादाशी बोललीस का?" नाही बोलले. बोलले असते तर तो म्हणाला असता, "छे गं, मी ठीक आहे, तू कशाला एवढ्या लांबून धावाधाव करतेस," आणि माझ्या मनाला तेच ऐकायचं होतं. आपल्याला सोयीचं उत्तर मिळेल असा प्रश्न माणूस बरोबर शोधून काढतो. म्हणून विचारलंच नाही. तिकीट काढलं.

पाचोऱ्याला पोचले ती सकाळची वेळ. दार उघडंच होतं. बूट दाराशी काढले आणि आत गेले, तर दादा गरम पाण्याची बादली आणि खांद्यावर पंचा घेऊन अण्णांच्या खोलीकडे निघालेला. मला बघून जागच्या जागी थांबला. "तू? काय झालं? सगळे बरे आहेत ना तिकडे?"

मी हात पुढे केला.

"अगं, दमून आलीयेस, बस आधी. चहा घे. मी ठीक आहे."

मी हात तसाच ठेवला. दादा कधी त्या टीममध्ये नव्हता, पण मैदानाच्या कडेला बसून त्यानं तो हात कितीदा पाहिला होता. तो माझ्या तळहाताकडे बघत राहिला. मग बादली खाली ठेवली, खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. तो आतल्या खोलीत जाऊन पडला. मी शाळेत जायला निघालेल्या वहिनीला म्हटलं, पाणी दे त्याला, आणि काही बोलू नको. तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

मुलीच्या हातून आंघोळ म्हणून अण्णांनी पहिल्या दिवशी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशीही मिटले. तिसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवून म्हणाले, "पाणी… गार आहे." म्हणजे मी टीममध्ये आले. एकदा म्हणाले, "उशीर… केलास." मी म्हटलं, "बोलावणं उशिरा आलं, सर." अर्ध्या चेहऱ्यानं हसले.

काम सोपं नाही हो. पहिल्याच आठवड्यात माझ्या कंबरेनं संप पुकारला. अण्णा रात्री-अपरात्री हाक मारतात, दिवसा चिडतात, जेवण थुंकतात आणि मग स्वतःच रडतात. हे सगळं दादा 'छे गं, ठीक आहे' या चार शब्दांत बसवत होता. रविवारी मिलिंद पार्कातून आम्हाला कॉल लावतो. एका मॅचला मेगनला एकदाची आणली, म्हणे कीथनं कुंपणाजवळ जाऊन कॅप्टनला दोन शब्द सुनावले. तरी हरलेच. अण्णा खूश होते पण. लेक फोनवर विचारते, "आई, तू घरी कधी येणार?" तिचं घर म्हणजे ब्रिस्टल. तिचं बरोबरच आहे. मी जाणार आहे, रजा संपेल तेव्हा. परत येणार आहे, दुसरी रजा मिळेल तेव्हा. ती नोकरी राहील की नाही ते माहीत नाही. माझे बूट दाराशीच असतात, लेस न सोडता काढलेले.

घर कुठलं, असं इतकी वर्षं कुणी विचारलं की मी काहीतरी चमकदार बोलून वेळ मारून न्यायची. कधी पाचोरा, कधी ब्रिस्टल, समोर कोण आहे ते बघून. आता कुणी विचारलं तर परवाची सकाळ सांगेन.

परवा सकाळी मी बादली उचलली आणि कंबरेतून अशी कळ आली की भिंतीला टेकले. समोर दादा उभा होता. दाढी केलेला, झोप झालेला, पुष्कळ दिवसांनी माझा भाऊ दिसत असलेला. त्यानं काही विचारलं नाही. हात पुढे केला.

"मी ठीक आहे रे," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याचा हात तसाच.

मी बादली दिली.