गाडीचं दावं

ती घटना मी विसरलेले नाही, आणि विसरण्याचा माझा विचारही नाही. आज लिहायला बसले त्याचं कारण माझी नात. गेल्या रविवारी फोनवर म्हणाली, "आजी, मी जुनी गाडी घेतेय. विकणारा दुसऱ्या राज्यात आहे, पण बोलायला इतका सज्जन आहे ना!" मी विषय बदलला. फोनवरचा उपदेश समुद्र ओलांडेपर्यंत पातळ होतो. म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्ही भावंडं वाचा, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. नाव मात्र कुणाचंच देणार नाही.

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. कोरडा मुलूख. ठाण्यापासून थोडं पुढे गेलं की सांगली जिल्हा लागतो. हद्दीत मेंढपाळांच्या वस्त्या बऱ्याच. दिवाळी झाली की त्यांचे कळप पश्चिमेला, पाण्याच्या बाजूला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. माझा जन्म मिरजेचा, शिक्षण इंग्रजीतून, कायद्याची कलमं तोंडपाठ. मेंढरांबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या आधीचा बाजाराचा दिवस होता. हजेरी उरकून मी गुन्हे रजिस्टर बघत होते. आमच्या हवालदारांना त्यांच्या बातमीदाराचा फोन आला. मेंढरांच्या बाजारात एक पिकअप उभी आहे, पुढे-मागे नंबरप्लेट नाही, आणि मालकीण म्हणून एक बाई पुढे बसली आहे. हवालदार याच भागातले, निवृत्तीला आलेले. ते एका महिला शिपायाला घेऊन गेले आणि तासाभरात पिकअप, बाई आणि बाईचा गाडी चालवणारा भाऊ यांना घेऊन आले. शिवाय मागे अकरा कोकरं. कोकरांनी आवारात उतरताच आमच्या तुळशीवर हल्ला केला.

"मॅडम, ह्यांचाबी पंचनामा करायचा का?" हवालदारांनी विचारलं.

"कोकरं भावाच्या ताब्यात द्या आणि त्याला घरी पाठवा. गाडी बघा."

गाडी बघितली. चॅसीवरचा नंबर घासून काढलेला होता आणि त्यावर ताजा रंग मारलेला. म्हणजे गाडी चोरीची, यात शंका उरली नाही. प्रश्न एवढाच होता, की ही बाई कोण? फसलेली, की सामील?

बाई पंचेचाळिशीच्या, विधवा. ठाण्यात सगळे त्यांना मावशी म्हणू लागले, मीही तेच म्हणते. आमच्या तरुण फौजदारांनी चौकशी सुरू केली. हुशार माणूस, पण उत्तर मनात धरून प्रश्न विचारायची सवय.

"गाडी कुठून आणली?"

"फोनवर जाहिरात बगितली. लांबच्या राज्यातला मानूस हाय. त्यानं डायवर दिऊन धाडली."

"पिकअप कशाला लागते तुम्हाला?"

"आमचं घोडं मेलं अवंदा. वाटंनं कोकरं, कोंबड्या, भांडीकुंडी कोन वाहनार? तुमी येताय का?"

महिला शिपायाने तोंडाला रुमाल लावला. फौजदारांना हसू आलं नाही.

"नंबरप्लेटा कुठं आहेत?"

"मालकानं माघारी न्हेल्या."

"आणि तुम्ही नेऊ दिल्या?"

मावशी त्यांच्याकडे अशा बघायला लागल्या, जणू दुसऱ्या राज्यातून हेच आलेत. "आता दावं कुनी देतं का, सायेब?"

खोलीत हशा झाला. फक्त हवालदार हसले नाहीत. मी त्यांना बाहेर बोलावून विचारलं.

"मॅडम, जनावर इकलं तरी दावं इकत न्हाईत," ते म्हणाले. "गळ्यातली दोरी सोडून मालक ठिवून घेतो. दाव्यासंगं घरची बरकत जाती म्हनत्यात. घेनारा आपलं नवं दावं आनतो आन त्यानं बांधून न्हेतो. आमच्याकडं हीच रीत हाय."

मी परत आत गेले. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, की जुन्या प्लेटा आमच्याकडे जमा कराव्या लागतात, ड्रायव्हर काढून आणेल, तुमचा नवा नंबर पंधरा दिवसांत पोस्टाने येईल. यातला शब्दन् शब्द खोटा होता. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्या नावावर करायची तर आधी तिथल्या परिवहन कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि नवा नंबर आपल्याच कार्यालयात अर्ज करून घ्यावा लागतो. पण मावशींना नेमकं तेच बोलणं पटलं होतं.

"तवाच म्या व्हय म्हनलं, मॅडम. म्हनलं, रीत जानतोय मानूस."

मी आवारात जाऊन गाडीत डोकावले. स्टिअरिंगला काळ्या लोकरीचं नवंकोरं दावं बांधलेलं होतं.

दुपारी फौजदारांनी कागद तयार केला. स्वस्तात मिळते म्हणून, चोरीची असल्याचं माहीत असूनही, मी ही गाडी घेतली, असा कबुलीजबाब. पोलिसांपुढच्या असल्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, हे त्यांनाही माहीत होतं. पण कागद झाला की माणूस आरोपींच्या रांगेत बसतो, आणि ठाण्याच्या खात्यात एक गुन्हा उघडकीस आल्याची नोंद होते.

"वाचून दावा," मावशी म्हणाल्या.

फौजदारांनी वाचून दाखवलं.

"हे म्या बोलले न्हाई."

"मावशी, अहो सही करा. उद्या जामीन होईल, घरी जाल."

"आन परवा?" मावशी उभ्याच राहिल्या. "सायेब, आमी गावोगाव जातो. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, खत हुतं म्हनून. पर आदी इचारतो, कुनाची मेंढरं? नाव चांगलं आसंल तर बसा म्हनतो. चोराची मेंढरं म्हनल्यावर कोन बसू दील? दोनशे जितराब घिऊन म्या रस्त्यावर उबी राहू का? जे बोलले ते लिवा. मग करते सही. न्हाईतर बसवा कोठडीत."

मी तो कागद फौजदारांच्या हातून घेतला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मग ठाणे अंमलदाराला सांगितलं, "फिर्याद लिहून घ्या. फिर्यादी या. आरोपी अनोळखी."

मावशी बोलत गेल्या आणि तो लिहीत गेला. गाडी दारात आली तेव्हा ओवाळली. भंडारा, म्हणजे आमच्या खंडोबाची हळद, तेलात कालवला. मेंढरांच्या पाठीला लावतात तसा तो काळ्या लोकरीच्या पुंजक्याने बॉनेटला, चाकांना आणि दोन्ही नंबरप्लेटांना लावला, बोल्टांवर चांगला दाबून चोळला. "डायवर म्हनला, जल्दी करो माताजी. म्या म्हनलं, देवाचं काम हाय, थांब जरा." मग त्याने पान्याने बोल्ट सोडले, प्लेटा बोल्टांसकट पिशवीत घातल्या आणि एसटी धरली.

ठाणे अंमलदाराने पेन थांबवलं. "मॅडम, लोकर-बिकर पण लिहू?"

"त्या सांगतील ते सगळं लिही."

पूर्ण फिर्याद वाचून दाखवली. मावशींनी ती मान हलवत ऐकली आणि सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "आरोपी हातात असताना अनोळखी इसमावर गुन्हा? तुम्ही पोलीस आहात की समाजसेविका?"

"सर, या बाईंना आरोपी करायचं असेल तर तसा लेखी आदेश द्या. मी अंमलबजावणी करीन, आणि माझं मत त्याखाली लिहीन."

 मग ते म्हणाले, "आठ दिवस देतो. नाहीतर तपास काढून घेईन."

मावशींच्या वाड्याला, म्हणजे कळप घेऊन एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांना, निघायलाही साधारण तेवढेच दिवस उरले होते.

त्यांच्या मोबाईलवर गाडीच्या नोंदणी पुस्तकाचा फोटो होता. तो नंबर आम्ही तपासला. नोंद खरी निघाली. त्या राज्यातल्या पोलिसांमार्फत मालकाशी बोललो, तर तो म्हणाला, "मेरी गाड़ी तो मेरे सामने खड़ी है." म्हणजे खऱ्या गाडीचा नंबर उचलून खोट्या प्लेटा बनवल्या होत्या. मग त्या मुद्दाम परत का नेल्या? असल्या प्लेटा नव्या करून घेणं धोक्याचं, करणारा लक्षात ठेवतो. मला एकच उत्तर सुचलं. त्याच प्लेटा आणि त्याच कागदांवर चोरीची दुसरी गाडी खाली, आमच्या बाजूला येणार होती. वाटेत कुणी अडवलं तर कागद बरोबर.

महामार्गावरच्या सगळ्या नाक्यांना तो नंबर कळवला. पाच दिवस काही नाही. फौजदार माझ्या केबिनसमोरून जाताना जास्तच आदराने सॅल्यूट करायला लागले. मला त्याचा अर्थ कळत होता.

सहाव्या दिवशी सकाळी कराडजवळच्या नाक्यावर पांढरी पिकअप अडवली. नंबर तोच. आम्ही जाऊन गाडी आणि ड्रायव्हर ताब्यात घेतले. ठाण्यात आणल्यावर मावशींना बोलावलं, त्यांनी दारातूनच त्याला ओळखलं. "ह्योच तो. लय घाई हुती ह्याला."

तो मात्र निवांत होता. "मैडमजी, मैं इस औरत को नहीं जानता. पेपर देखिए, सब सही है."

एकीचा शब्द आणि एकाचा शब्द. मी दोन पंच बोलावले आणि प्लेट उतरवायला सांगितली. प्लेट धुतलेली होती, तरी कडेच्या पन्हळीत पिवळं दिसत होतं.

"हल्दी तो हमारे यहाँ भी लगाते हैं," तो लगेच म्हणाला. खोटं बोलला नाही. हळद काय, सगळीकडेच लावतात.

"बोल्ट काढा," मी म्हणाले.

पाना फौजदारांच्याच हातात होता. त्यांनी पहिला बोल्ट सोडला, उजेडात धरला आणि थबकले. बोल्टच्या डोक्याखाली, आट्यांमध्ये काहीतरी गुंडाळलं गेलं होतं. त्यांनी चिमट्याने ते ओढून पांढऱ्या कागदावर ठेवलं. तेलकट, पिवळे झालेले, पण मुळात काळे केस. आखूड, कुरळे. काळ्या मेंढराची लोकर. दुसऱ्या बोल्टात तीच. तिसऱ्यातही.

"तुमच्याकडे हळद लोकरीने लावतात?" मी ड्रायव्हरला विचारलं.

 फौजदार उठले, कपाटातून फिर्याद काढून आणली आणि सहा दिवसांपूर्वीची ती ओळ पंचांना मोठ्याने वाचून दाखवली. 'काळ्या लोकरीच्या पुंजक्याने, बोल्टांवर दाबून.' वाचताना त्यांचा आवाज थोडा खाली गेला. खाली बसून ते मावशींना म्हणाले, "चुकलं माझं."

"आसू द्या. कान उगडं ठिवा," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर ड्रायव्हर बोलता झाला. टोळी तिघांची होती. त्यांच्या राज्यात जाऊन आमच्या पथकाने बाकी दोघांना आणलं. ही दुसरी पिकअप मिरजेच्या, घरची द्राक्षबाग असलेल्या एका प्राध्यापकांना द्यायची होती. प्लेटा परत द्यायचं त्यांनीही कबूल केलं होतं. का, असं विचारलं तर म्हणाले, "नियम असेल, असं वाटलं." म्हणून मावशींना कुणी भोळी म्हणालं तर मी आजही ऐकून घेत नाही. त्यांनी होकार दिला त्यामागे त्यांच्या रीतीचं कारण तरी होतं. सरांकडे तेवढंही नव्हतं. फसवणारा माणूस आपलं अज्ञान शोधत बसत नाही. आपण कशाला प्रामाणिकपणा समजतो, ते तो शोधतो. इथे तर न शोधताच ते त्याच्या हाती लागलं.

वरिष्ठांनी नंतर बैठकीत आमच्या तपासाचं कौतुक केलं. मी आभार मानले नाहीत. उभी राहून एवढंच म्हणाले, "सर, हा तपास फिर्यादीने नकार दिला म्हणून झाला." पहिल्या दिवशी त्या बाईंनी सही केली असती, तर लोकर कागदावर आलीच नसती, आणि बोल्टातले केस आम्ही फुंकून टाकले असते. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात एकही जबाब मी पोलिसाच्या शब्दांत होऊ दिला नाही. लिहिणारे वैतागायचे. वैतागू दे.

माझ्या नातीसाठी सांगते. गाडी घे. पण गाडी जिथे आहे तिथे जा, चॅसीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघ, तिथल्या कार्यालयात जाऊन कागद ताडून बघ. आणि समोरच्याचं एखादं वाक्य फारच पटलं, तर तिथेच थांब आणि तेच वाक्य पुन्हा तपास.

मावशींची पिकअप कुणाकडून चोरली ते टोळीने सांगितलं होतं; न्यायालयाच्या आदेशाने ती आता त्या खऱ्या मालकाला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, द्यायची होती. तो मिरजेपर्यंत रेल्वेने आला, तिथून एसटीने आमच्याकडे. दूध घालणारा साधा माणूस. त्याच दिवशी मावशी आल्या. साक्षीदार म्हणून त्यांना थांबावं लागलं, त्यामुळे वाड्याचं निघणं लांबलं होतं; आता तो दुसऱ्या दिवशी निघणार होता. भावाने नवं घोडं बघितलं होतं. गाडी गेली आणि दिलेलं सगळं गेलं, तरी तोंडावर रडण्याची रेघ नव्हती.

त्या सरळ गाडीकडे गेल्या, दार उघडलं आणि स्टिअरिंगची गाठ सोडायला लागल्या. मालक गोंधळला. "ये रस्सी...?"

"ह्ये माजं हाय," मावशी म्हणाल्या. "गाडी तुजी, घिऊन जा. दावं न्हाई देनार."

हवालदारांनी त्याला त्यांच्या मोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. त्याने ऐकलं आणि हात जोडले. बॉनेटवर अजून पिवळा पट्टा होता. शिपाई फडकं घेऊन पुढे झाला, तर मालकानेच त्याला अडवलं. "रहने दीजिए."

मावशींनी दावं कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळलं, खांद्याला अडकवलं आणि मला म्हणाल्या, "येते, मॅडम. घोडं बांधायचं हाय."