ढिंगरीचं लेबल लावलेल्या रिकाम्या पिशव्या

निखिलनं मला फसवलं. नंतर त्यानं स्वतःच्या वडिलांना फसवलं. दोन्ही वेळा लेबल माझं होतं.

मी स्पॉन बनवतो. स्पॉन म्हणजे अळंबीचं बियाणं. ज्वारी वाफवून पिशवीत भरतो, तीत ढिंगरीची बुरशी वाढवतो, शेतकरी ती नेऊन भुशात मिसळतो. ढिंगरी म्हणजे बाजारात मिळते ती साधी खायची अळंबी. वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाली करून सुरुवात केली, आज शहरात दोन खोल्यांची लॅब आहे. भाव करण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही.

निखिल पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "काका, बियाणं नको. नुसत्या ज्वारीच्या पिशव्या द्या. घरी प्रयोग करायचाय."

मी मुद्दाम दुप्पट भाव सांगितला. त्यानं लगेच फोन काढून पैसे पाठवले. मला वाटलं, जिंकलो.

लॅब सांभाळणारी शबाना तो गेल्यावर म्हणाली, "शेठ, इन्ने भाव बी नै करा. कुछ तो गडबड है."

"तुला माझा फायदा बघवत नाय का?"

शिवाय त्या रिकाम्या, म्हणजे बुरशी न घातलेल्या, पिशव्यांवरही आमचं छापील लेबल गेलं: 'ढिंगरी. खाण्यास योग्य.' रोल आणलेला, प्रत्येक पिशवीवर लावायचा, अशी सवयच होती. ही चूक माझी. ती मी लपवत नाही.

दोन महिन्यांनी दुपारी फोन आला. निखिलची आई होती. "पिशवीवर तुमचा नंबर हाय. तुमच्या ढिंगरीनं आमच्या माणसाला येडं केलं. या इकडं, बघा."

पुंडलिकनगरला दुसऱ्या मजल्यावर घर. निखिलचे वडील भास्करराव एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. पलंगावर मांडी घालून बसले होते, भांग पाडलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बाईंनी सांगितलं: त्यांना निखिलच्या कपाटात अळंबी दिसली, लेबल वाचलं, आता खराब होईल म्हणून कांदा घालून स्वतःच परतून खाल्ली. बाईंना उपास होता म्हणून त्या वाचल्या.

"बसा," भास्करराव मला म्हणाले. "अन् तुमच्या मागं उभे हायेत, त्यांनाबी बसू द्या."

मागं कुणी नव्हतं. दाराचा पडदा होता, तोही हलत नव्हता.

"किती जण आहेत?" विचारायला नको होतं, पण विचारलं.

"एकच. भिजलाय बिचारा. भिंतीतून आला ना." इंजिनात कुठला पार्ट गेलाय हे सांगावं, तितक्या शांतपणे ते बोलले.

मी स्वयंपाकघरात गेलो. कढईजवळ दोन-चार तुकडे उरले होते. सुरी लागली होती तिथं ते शाईसारखे निळे पडले होते. माझी ढिंगरी कापली तर पांढरीच राहते. निखिलच्या खोलीतलं कपाट उघडलं. माझ्याच पिशव्या, माझंच लेबल, आणि आतून बारीक लांब मानेची, छोट्या टोपीची भलतीच अळंबी, खाल्ली की नसलेलं दिसतं ती नशेची. सगळ्या माना दाराच्या फटीकडे वळलेल्या. अळंबी उजेडाकडे झुकते, हे मी लोकांना शिकवतो. तरी मी दार लावलं आणि एक पाऊल मागं सरकलो.

"आधी दवाखाना," मी बाईंना म्हणालो. आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात घातलं. बाईंनी निखिलला फोन केला. तो कंपनीतून निघाला, पण दवाखान्याआधी घरी गेला. संध्याकाळी बाईंकडून किल्ली घेऊन मी पुन्हा जाऊन बघितलं तर कपाट रिकामं, फिनाइलनं पुसलेलं, कढई घासून पालथी.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये त्यानं मला बाजूला घेतलं.

"काका, एवढंच म्हणा, लॉट खराब निघाला. आकडा सांगा."

"कशाचा आकडा?"

"तुमच्या नुकसानीचा. माझ्यावर केस होईल हो. नोकरी जाईल."

"आणि माझं नाव?"

"तुम्ही धंदेवाले. दुसऱ्या नावानं सुरू कराल."

आयुष्यभर रुपया-रुपयासाठी भांडलो, पण त्या वेळी तोंडातून आकडा निघाला नाही. त्याची कॉलर धरली. वॉचमननं सोडवलं. सगळ्या कॉरिडॉरला गुंड दिसला तो मीच.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, अळंबी दाखवा. दाखवायला काही उरलं नव्हतं. निखिलनं छातीवर हात ठेवून सांगितलं की साधी ढिंगरीच होती. मग डॉक्टर म्हणाले, ढिंगरी खराब असली तर उलट्या होतील, भिंतीतून माणसं येणार नाहीत. वय झालंय, डोक्याची तपासणी करू. बाईही मला म्हणाल्या, "तुम्ही सोताचं झाकणारच. माझं पोरगं असलं कशाला करंल?"

दुसऱ्या दिवशी भास्करराव शुद्धीवर आले. डोक्याची गोळी मात्र सुरू झाली, ती अजून सुरूच आहे.

आता मी रिकामी पिशवी विकत नाही. बुरशी डोळ्यांनी दिसल्याशिवाय लेबल लागत नाही. लेबलचा रोल शबानाच्या कपाटात असतो, किल्ली तिच्या कमरेला. कुणी भाव न करता पैसे काढले की ती नुसती माझ्याकडे बघते.

मागच्या महिन्यात भास्कररावांना भेटायला गेलो. भिंतीला लागून एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर घडी केलेला टॉवेल.

"हे कुणासाठी?"

"त्याच्यासाठी. आता दिसत नाय. पण गेला, असंबी कुणी सांगितलं नाय." मग हळूच म्हणाले, "घरचे म्हणतात माझं डोकं गेलं. व्हय का हो?"

"नाही," मी म्हणालो. पण माझं कोण ऐकतं? पलीकडच्या खोलीत निखिल होता. दार बंद होतं.

निखिल, माझं नाव मी परत कमावीन, मला ते जमतं. तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर आहे, हे फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि रोज सकाळी त्यांच्या तळहातावर ती गोळी तू ठेवतोस. त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू द्यायचंस. त्यांच्यासमोर बसून. त्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून.