ठोंबरे सरांचं रान

ठोंबरे सर इंटरनेटवरचे शोधनिबंध खालून वर वाचायचे. आधी निबंधाखालच्या वाचकांच्या टिप्पण्या, मग निष्कर्ष, आणि उत्साह उरलाच तर प्रस्तावना. ओतूरच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममधल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरसमोर ते ठाण मांडून बसत. त्यांचा चहा गार व्हायचा आणि रांगेतले आम्ही तापायचो. "छापलं म्हंजे संपलं न्हाई, राव," ते म्हणायचे, "खाली जागा ठेवलीय कशाला? आपण बोलावं म्हणून!" परदेशी विद्वानांच्या चुकाही ते तिथे स्वतःच्या नावानिशी दाखवत. टोपणनावाने लिहिणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "तोंड लपवून कसलं खरं बोलायचं?"

एकदा मेंढपाळांवरचा एक इंग्रजी निबंध वाचताना ते थबकले. त्यात डिंभ्याजवळच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचं बोलणं दिलं होतं. तो म्हातारा म्हणजे सरांचे वडील, तात्या. मुलाखत घ्यायला आलेली मंडळी त्यांच्याकडे पिठलं-भाकरी जेवून गेली होती. तात्यांनी त्यांना सांगितलं होतं, "आमी लोकांच्या रानात मेंढरं बसवतो." आमच्याकडे रान म्हणजे शेत. शेतकरी आपणहून बोलावतो, रात्री कळप त्याच्या मोकळ्या शेतात बसतो, लेंड्यांचं खत होतं. निबंधात मात्र रानाचं जंगल झालं होतं. तात्या जंगलात मेंढरं घुसवतात आणि वर तसं कबूल करतात, असं छापून आलं होतं.

"तात्या लई मोठे गुन्हेगार निघाले की!" मी चेष्टा केली. सर हसले नाहीत.

"म्हाताऱ्यानं जन्मात बोलावल्याबिगर कुणाच्या बांधात पाय टाकला नाय, भाऊ."

लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी घरी जाऊन तात्यांना सगळं सांगितलं. तात्या एवढंच म्हणाले, "मी असं म्हणलोच न्हाई. नीट करून घे."

सरांनी निबंधाखाली चूक समजावून लिहिली. लेखकांनी अभिप्रायाबद्दल आभार मानले आणि मजकूर तसाच ठेवला. कुणा निनावी माणसाने विचारलं, त्या मेंढपाळाला काय म्हणायचं होतं हे तुम्हाला कसं ठाऊक? सरांनी सरळ लिहिलं, "मी त्यांचा मुलगा आहे." झालं! दुसऱ्या दिवशी त्यांच्या टिप्पणीवर संकेतस्थळाचा शिक्का बसला: 'हितसंबंध असलेले मत'. तो शिक्का बघून सर खुर्चीवरून उठले आणि कॉम्प्युटर रांगेतल्यांना सोडून दिला. मला त्यांच्याकडे बघवेना. पुढे आणखी दोन निबंधांनी तात्यांचं ते वाक्य पुरावा म्हणून उचललं.

गेल्या श्रावणात सर हृदयविकाराने गेले. मी डिंभ्याला भेटायला गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. मुलाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी उठताना मात्र माझा हात धरला.

"पावणं, आमचं रान नीट केलं का हो त्यांनी?"

"करतील," मी म्हणालो.

घरी येऊन मी त्या निबंधाखाली लिहायला बसलो. रान म्हणजे काय, ते मराठीच्या मास्तराला शोभेल असं लिहिलं. पाठवताना संकेतस्थळाने विचारलं: संबंधित व्यक्तींशी आपले काही नाते आहे का? हो म्हटलं तर शिक्का. नाही म्हटलं तर कदाचित कुणी वाचेलही, पण मग सर माझे कुणीच नव्हते.

मी 'हो' दाबलं. शिक्का लगेच बसला.