त्या दिवशी खिशात फक्त म्यान होतं

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. हे वाचून ज्यांना "देवाची लीला" असं लिहायचं असेल, त्यांनी ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोस्टखाली लिहावं. माझ्या इथे नको. गेलं वर्षभर मी तेच ऐकतोय, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मी असलं काही मानत नाही. आमची देवळाली प्रवरा गावाबाहेर फळझाडांची नर्सरी आहे. आंबा, लिंबू, सीताफळ. लिंबाची हजारो रोपं विकली, पण स्वतःच्या दारात कधी लिंबू-मिरची टांगली नाही. नजर, बाधा, साडेसाती... लोक रोपं घ्यायला येतात आणि हे सगळं सांगत बसतात. मी मान डोलावतो आणि पिशवी भरतो. एवढाच माझा या विषयाशी संबंध होता.

आता चाकूबद्दल. कलम करणाऱ्या माणसाच्या खिशात चाकू असतोच. माझा चाकू एका लोहाराने करवतीच्या जुन्या पात्यापासून घडवून दिलेला. पातं बोटाएवढं, मिटणारं नाही, कायम उघडं. म्हणून त्याला चांभाराकडून चामड्याचं छोटं म्यान शिवून घेतलं होतं, वर टिचबटण. लाकडी मूठ सैल झाली तेव्हा मी तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली. वीस वर्षं हा चाकू उजव्या खिशात. लग्नाला जाताना, बँकेत जाताना, मयतीला जाताना... पँट बदलली की आधी चाकू नव्या खिशात जायचा, मग पाकीट.

ह्याच चाकूमुळे मी एकदा पोलीस स्टेशनला बसलोय. तेही सांगायला हवं.

माझा मोठा भाऊ... आम्ही दादा म्हणतो. वाटणीनंतर दादा मुळा धरणाच्या बाजूला, माझ्यापासून वीसेक किलोमीटरवर राहतो. पण त्याचा एक तुकडा माझ्या नर्सरीला लागून होता आणि बांधावरून आमची कुरबुर चालायची. दहा वर्षांपूर्वी मी बांधाजवळ ठिबकची नळी कापत होतो. दादा येऊन बोलायला लागला. मीही बोललो. चाकू हातात होता, कारण मी नळी कापत होतो! दादा तिथून थेट पोलिसांत गेला आणि सांगितलं, धाकट्या भावानं चाकू उगारला. मी संध्याकाळपर्यंत बाकड्यावर. चाकू टेबलावर, शेजारी पट्टी ठेवून त्याचं माप घेतलेलं. दादा समोरच्या खुर्चीत बसून त्या चाकूकडे बघत होता, माझ्याकडे एकदाही नाही. शेवटी समज देऊन सोडलं, चाकू परत दिला. पण गावात "चाकूवाला" हे नाव पडलं ते पडलंच. आई त्या पावसाळ्यात गेली. तिच्या दहाव्यालासुद्धा आम्ही दोघं दोन टोकांना बसलो होतो.

तेव्हापासून बोलणं बंद. नऊ वर्षं एक शब्द नाही.

आता त्या दिवसाचं. मार्च महिना, गुरुवार, सकाळचे पावणेअकरा. मी आणि माझी बायको मंगल सकाळपासून कलमं करत होतो. मी कापायचो, ती बांधायची. खुंटावर काडी बसवली की प्लॅस्टिकची पट्टी इतकी घट्ट आणि इतकी झरझर गुंडाळायची की मला पुढची काडी तयार करायला वेळ मिळायचा नाही. आमच्या नर्सरीची कलमं जगतात ती तिच्या बोटांमुळे, हे मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगायचो.

दोन गायी आहेत. त्या हंबरायला लागल्या म्हणून मंगल म्हणाली, वैरण कापून टाकते. मी शेवटची पट्टी कापली, चाकू पुसला, म्यानात घातला, बटण दाबलं, खिशात ठेवला. हे मी शपथेवर सांगतो. बटणाचा टिक्‌ आवाज मला अजून आठवतो. मंगलनंही ते पाहिलं होतं. मी तिच्या मागोमाग गोठ्याकडे गेलो.

आमची कडबाकुट्टी विजेवर चालते. मंगल साडीवरून माझा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालायची, शेतात काम करणाऱ्या बायका घालतात तसा. मी तीन पावलांवर पेंढी सोडत होतो. तिची हाक ऐकली. हाक म्हणजे नुसतं "अहो"... रोजच्यासारखंच, जरा मोठ्यानं. वळून बघतो तर शर्टाची डावी बाही वैरणीबरोबर रुळात ओढली जात होती. ती पाय रोवून मागे खेचत होती. कापड फाटत नव्हतं.

मशीन बंद करायचं बटण भिंतीवर, पलीकडच्या बाजूला. मध्ये वैरणीचा ढीग.

मी बटणाकडे गेलो नाही. माझा हात खिशात गेला. वीस वर्षांची सवय. बाही कापली की सुटली, एका सेकंदाचं काम. म्यान बाहेर काढलं. बटण लागलेलं होतं. उघडलं... आत काही नाही.

मी म्यान उलटं केलं. झटकलं. मूर्खासारखा पुन्हा खिसा चाचपला. मग ढिगावरून उडी मारून बटण बंद केलं. किती वेळ गेला असेल? चार सेकंद, पाच. थेट बटणाकडे धावलो असतो तर वाचली असती. चाकू असता तरी वाचली असती. म्यान रिकामं होतं म्हणून मंगलची डाव्या हाताची तीन बोटं गेली. करंगळीकडून तीन.

शेजाऱ्याला गाडी आणायला फोन केला तो १०.४७ ला. मोबाईलमध्ये नोंद आहे, मी पुसलेली नाही. नगरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, जोडण्यासारखं काही उरलेलं नाही. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी चाकू शोधला. गोठा झाडून काढला, वैरण चाळली, कलमांच्या जागेची माती हातानं पाहिली. चाकू नव्हता.

पाचव्या दिवशी मंगलला घरी आणलं. दुपारी आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि फाटकातून दादा आत आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पायाला बँडेज, लंगडत. त्याला मंगलचं काही माहीत नव्हतं. तो थेट माझ्यापुढे आला आणि हात जोडून उभा राहिला. मोठा भाऊ माझ्यापुढे हात जोडतोय... मला काही सुधरेना. मग त्यानं खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत माझा चाकू.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की यानं चोरला. मी त्याची कॉलर धरली. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मंगलनं उजव्या हातानं मला मागे ओढलं आणि म्हणाली, "आधी त्यांचं ऐकून घ्या."

दादानं जे सांगितलं ते असं. त्याच गुरुवारी सकाळी विहिरीचं पाणी खाली गेलं म्हणून तो पाणबुडी मोटार आणखी खाली सोडत होता. एकटाच. वरची गाठ सुटली, मोटार सुटली, आणि नायलॉनच्या दोराचा पीळ त्याच्या घोट्यात अडकून तो मोटारीसकट विहिरीत. मोटार तळाला, हा तिला बांधलेला, डोक्यावर दीड-दोन पुरुष पाणी. दोर इतका ताणलेला की सोडवता येईना.

"मी मेलो हुतो बाळू," दादा म्हणाला. "मग कुनीतरी माझी मूठ उघडली अन् चाकू दिला. मूठ माझ्याकडं, पातं तिकडं... तू देतोस तसा. हात दिसला मला. अंगठ्याला ट्यूब हुती."

कलम करताना पातं अंगठ्याला लागू नये म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा अंगठ्यात घालतो. त्या दिवशीही घातला होता. हॉस्पिटलमध्ये नर्सनं सांगितल्यावर काढला.

"दोर कापला अन् वर आलो," दादा म्हणाला. "तू निघून का गेलास, यवढंच इचारायला आलो."

वहिनीनं आणि एका मजुरानं त्याला वर ओढलं होतं. चाकूवरची मूठ उघडायला दोघांना जोर लावावा लागला, म्हणाला. चाकू त्यानं बघताक्षणी ओळखला. पोलीस स्टेशनात चार तास त्याच्याकडेच तर बघत होता. वहिनीनं मदतीसाठी शेजारच्या मळ्यात फोन लावला तो १०.५१ ला. तो मी नंतर स्वतः जाऊन तिच्या मोबाईलमध्ये पाहिला. तेव्हा मी मंगलचा हात टॉवेलमध्ये गुंडाळून गाडीची वाट बघत होतो. वीस किलोमीटर लांब.

मी चाकू हातात घेऊन पाहिला. तार माझीच, पात्याच्या बुडाशी पडलेली खाच माझीच. आणि तारेच्या वेढ्यात कलमाच्या पट्टीची एक चिंधी अडकलेली, त्याच सकाळची. त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदाच पिवळी पट्टी वापरत होतो. चिंधी पिवळी होती.

मंगलनं पदराखालून हात बाहेर काढला आणि दादाला दाखवला. दादा खालीच बसला.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या विहिरीवर गेलो. मोटार काढून ठेवली होती, दोराचं टोक तसंच. दादा म्हणतो, त्यानं करवतीसारखं घासून घासून कापला. टोक तसं नव्हतं. एका ओढीत, तिरकं, खालून वर... मी काडी कापतो तसं. असा काप दादाला आयुष्यात जमायचा नाही.

यापुढचं मला सगळ्यात जास्त खटकतं. ही गोष्ट भावकीत पसरली. दोन भाऊ एक झाले, आईनंच घडवून आणलं, रक्ताला रक्त ओढतं... लोक घरी यायला लागले. चाकू बघायचा म्हणायचे. एका चुलतीनं तर माझ्या हातातून घेऊन त्याला हळदकुंकू लावलं. मंगल तिथेच बसलेली, मांडीवर तो हात. तिला एकीनं सांगितलं, "बोटांवर निभावलं म्हनायचं, जीव वाचला घरातला." मी त्या बाईला चहा अर्धा टाकून बाहेर जायला सांगितलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

कुणाचा जीव? ज्यानं मला चोरासारखं बाकड्यावर बसवलं त्याचा. आणि कुणाची बोटं? जिनं आयुष्यात कुणाशी भांडण केलं नाही तिची. हा कुठला न्याय? आणि माझा चाकू, माझा हात वापरून! मला न विचारता! दादा जगला याचं मला वाईट वाटत नाही, एवढाही मी नीच नाही. तो आता दर आठवड्याला येतो, मंगलच्या वाटची वैरण कापून देतो, मान खाली घालून जातो. आम्ही बोलतो. पण त्याच्याकडे बघितलं की मला ते पाच सेकंद दिसतात.

एका ओळखीच्या मास्तरांनी मला समजावलं की चाकू आधीच कुठेतरी पडला असेल, दादाच्या बाजूला जाणाऱ्या एखाद्या रोपांच्या टेम्पोत गेला असेल. असेल? दहा मिनिटांत? आणि टेम्पोतून उतरून विहिरीच्या तळाशी? त्या दिवशी एकही टेम्पो भरला नव्हता. दादानं भ्रमात काही पाहिलं असेल, हे मी मान्य करतो. चाकूला भ्रम होत नाही. तो कसा गेला, मला माहीत नाही. एक वर्ष झालं, रोज विचार करतो, आणि पहिल्या दिवशी होतो तिथेच आहे.

मागच्या महिन्यात कलमांचा हंगाम पुन्हा सुरू झाला. मी बांधायला एक बाई लावायची म्हणत होतो, मंगलनं ऐकलं नाही. पट्टीचं एक टोक दातात धरते, अंगठा आणि एका बोटानं दाबते, उजव्या हातानं गुंडाळते. पूर्वी तासाला व्हायची त्याच्या निम्मीही होत नाहीत. मी काडी तयार करून हातात धरून थांबतो. ते थांबणं मला सहन होत नाही.

असंच थांबलो होतो तेव्हा तिनं तोंडातली पट्टी काढली आणि विचारलं, "तुमाला कुनी आधी इचारलं असतं, काय वाचवू, माझी बोटं का भाऊजी, तर काय सांगितलं असतं?"

"तुझी बोटं," मी म्हणालो. विचार करायला लागलाच नाही.

तिनं पट्टी पुन्हा दातात धरली, कलम पूर्ण बांधलं, गाठ मारली. मग म्हणाली, "म्हनून तुमाला न्हाई इचारलं."

ती हे रागानं बोलली नाही. मलाच राग आला, तो अजून गेलेला नाही. ठीक आहे, मला नाही विचारलं. पण बोटं तिची होती. तिला तरी विचारायचं होतं.